बरणीतला शर्ट

भियाजींना कुणाच्या घरी न्यायचं म्हणजे जोखमीचं काम. माणूस दारातून आत आला की नमस्कार नाही, पाणी नाही, तडक जेवणाच्या टेबलाकडे. टेबलावर अंथरलेल्या प्लॅस्टिकच्या कापडाचं टोक उचलायचं, चष्मा कपाळावर चढवायचा आणि कापड डोळ्यांच्या इतकं जवळ न्यायचं की बघणाऱ्याला वाटावं, आता हा चाटतो. मग निकाल. "आपलं नाही. बाहेरचं आहे. बघा, पाकळी कशी लटकून ऱ्हायली." किंवा चेहरा एकदम फुलायचा, "अरे, हे तर आपलं!" आपलं निघालं की मग नमस्कार, पाणी, मुलंबाळं कशी आहेत, सगळं यथासांग व्हायचं.

आमच्या कारखान्यातल्या स्टोअरकीपरचे वडील गेले तेव्हा आम्ही भेटायला गेलो होतो. मी भियाजींना जिन्यातच बजावलं होतं, "आज टेबलाला हात लावायचा नाही." हौ हौ म्हणाले. थोडा वेळ बसलेही शहाण्यासारखे, मांडीवर हात ठेवून. मग बघते तर एक हात हळूच तिपाईकडे निघालेला. मी डोळे वटारले, पण व्हायचं ते झालं. टोक उचललं, चष्मा वर. स्टोअरकीपर बिचारा बघतच राहिला. भियाजी म्हणाले, "भिया, हे तर फार जुनं डिझाइन आहे. कधीच बंद केलं आपण. आणि निळा बघ, अजून कसा उभा आहे. तुझ्या वडिलांनी जपून वापरलंय." सकाळपासून डोळ्यांतून टिपूस न काढलेला तो माणूस हमसून हमसून रडायला लागला. वडील रोज रात्री जेवणानंतर स्वतः ते कापड पुसायचे म्हणे. मला मेलीला उगाच ओशाळल्यासारखं झालं.

भियाजी हे काही त्यांचं नाव नव्हे. इंदुरात प्रत्येक पुरुष भिया असतो. रिक्षावाला भिया, डॉक्टर भिया, भांडण जुंपून एकमेकांची गचांडी धरली तरी समोरचा भियाच. हे वयानं मोठे, शिवाय छपाई खात्याचे प्रमुख, म्हणून वर एक जी. घराणं मात्र अस्सल मराठी. संस्थानच्या काळात कुणी पूर्वज कारकुनीला आला आणि इथलाच झाला. त्यांचं मराठी ऐकून सुरुवातीला मला वाटलं, हे माझी थट्टा करताहेत. "मॅडम, तुम्ही चाय घेऊन ऱ्हायल्या की मी पिऊन टाकू?" मी सांगलीची. आमच्या शाळेत असं मराठी बोललं असतं तर अंगठे धरून उभं राहावं लागलं असतं. पण इंदूर माणसाला नकळत पचवतं. वर्षाच्या आत मीही भाजीवाल्याला "भिया, जरा सही भाव लावा की" म्हणायला लागले.

आमचा कारखाना सांवेर रोडवर. प्लॅस्टिकच्या फिल्मवर छपाई करायचो. टेबलावरची कापडं, बाथरूमचे पडदे, फ्रिजची कव्हरं. लांबच लांब फिल्म रुळांवरून पळते आणि एकेका रंगाचा एकेक कोरीव सिलिंडर तिच्यावर आपापला ठसा उमटवतो. आधी पिवळा, मग लाल, मग निळा, शेवटी काळ्या रेषा. सगळे ठसे एकमेकांवर नेमके बसले की गुलाब. त्यातला एक केसभर सरकला की पाकळी देठाच्या शेजारी आणि पान हवेत. या बसण्याला रजिस्टर म्हणतात, आणि भियाजींचं आयुष्य रजिस्टरपायी गेलं. माणसंही ते त्याच मापानं मोजायचे. लग्नात जोडा स्टेजवर उभा राहिला की मान तिरकी करून बघायचे आणि कुजबुजायचे, "बसलंय," नाहीतर, "सुटणार हे, बघून ठेवा." नव्या मॅनेजरबद्दल एकदा भर कँटीनमध्ये म्हणाले, "डोकं पिवळ्यावर, जीभ लालवर. फूल कसं उमटेल?" मॅनेजर मागच्याच टेबलावर बसला होता. भियाजींना फिकीर नाही. "ऐकू दे की. फुकट सांगून ऱ्हायलो."

रंगपंचमीला इथे गेर निघते, म्हणजे रंगाची मिरवणूक. राजवाड्याकडे अख्खं शहर लोटतं, टँकरमधून रंगाचे फवारे उडतात, गच्च्यांपर्यंत गुलाल जातो. आम्हा लॅबच्या पोरींना भियाजींनीच पहिल्यांदा नेलं. स्वतः एका बंद दुकानाच्या पायरीवर उभे राहिले आणि लागले रंगांना नावं ठेवायला. "याला गुलाबी म्हणतात? गाजर आहे गाजर! अरे भिया, हिरव्यात पिवळा जास्ती झाला तुझा!" तो रंग उडवणारा पोरगा काय ऐकतो? त्यानं बादलीच ओतली. वरपासून खालपर्यंत गाजर झाले. मनापासून हसत होते.

पुढचे कित्येक दिवस त्यांच्या मानेखाली, पाठीवर तो रंग तसाच दिसायचा. कॉलरच्या आत लाल पट्टा. मी म्हटलं, "भियाजी, आंघोळ करता की नुसतेच नळाला नमस्कार?" ते हसले. "पुढून निघतो हो रंग. पाठ चोळायला माणूस लागतं." बोलून गेले आणि मशीनकडे वळले. मला तेव्हा त्यांच्या घरचं काही माहीत नव्हतं. मी आपली दात काढत राहिले.

आता माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी लॅबमध्ये होते आणि नाकानं काम करत होते. हसू नका. छपाईच्या शाईत थिनर असतं. ते ड्रायरच्या गरम हवेत उडून जायला हवं. पण मशीन घाईनं पळवलं तर फिल्म अर्धी ओली गुंडाळली जाते, वास रोलच्या पोटात अडकतो, आणि गिऱ्हाईक घरी नेऊन कापड उलगडतं तेव्हा खोलीभर पसरतो. म्हणून प्रत्येक रोलचे तुकडे कापून झाकणाच्या काचेच्या बरणीत भरायचे, बरणी कोमट भट्टीत ठेवायची, मग झाकण उघडून वास घ्यायचा. वास अजिबात नसेल तर शून्य, डोकं धरायला लावणारा असेल तर चार. यंत्रंही असतात यासाठी, पण शेवटचा शब्द नाकाचा. म्हणून मला अत्तर बंद, वासाचं तेल बंद, दुपारच्या डब्यात कांदा बंद. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "एवढं बीएस्सी केलंस ते हुंगायला?"

कामगार मला नाकवाली मॅडम म्हणायचे. आणि माझा नियम होता, जे नाकाला आलं तेच कागदावर. तीन म्हणजे तीन. मॅनेजर येऊन गोड बोलला, मालकांचा फोन आला, दिवाळीची गाडी भरायची राहिली, तरी तीनचे दोन केले नाहीत. यावरून भियाजींशी माझी रोज जुंपायची. "तुमचं नाक आहे की चुगलखोर आहे?" "तुमचं मशीन आहे की पळपुटं आहे?" ते रोल बगलेत मारून तणतणत जायचे आणि पुन्हा वाळवून आणायचे. ते स्वतः बरणीत नाक घालायचे नाहीत. मला वाटायचं, हेका आहे म्हाताऱ्याचा.

एका शनिवारी पाळी संपल्यावर आले. हातात पिशवी, पिशवीत कागदात गुंडाळलेलं काहीतरी.

"हे टाका बरणीत."

मी कागद उलगडला. पांढरा शर्ट. इस्त्रीचा, कडक.

"भियाजी, ही लॅब आहे, लाँड्री नाही."

"लाँड्रीतूनच आणलाय. म्हणून तर आणला." मग खुर्ची ओढून बसले आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला वास येत नाही मॅडम. किती तरी वर्षं झाली, कळतच नाही. थिनर नाही, फुलं नाही, जळलेलं दूध नाही. थिनरनं नाक खाऊन टाकलं. तुम्ही बघून सांगा. माझ्या शर्टाला बदबू आहे का?"

"कुणाला सांगायचंय?"

"घरी," म्हणाले.

त्या दिवशी मला त्यांचं घर कळलं. घर म्हणजे दोन घरं. भियाजी जुनी इंदूरला वरच्या मजल्यावरच्या खोलीत, आणि त्यांची बायको, म्हणजे काकू, राजेंद्र नगरात स्वतःच्या आईच्या घरात. भांडण नाही, कोर्टकचेरी नाही. काकूंना दमा. भियाजी कामावरून आले की अंगाला, केसांना, श्वासालाही थिनर यायचं आणि काकूंची छाती भरायची. एकदा इतकं वाढलं की दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरांनी विचारलं, नवरा काय करतो? मग म्हणाले, एक तर काम बदला नाहीतर घर. काकू म्हणाल्या, सोडा काम. भियाजी म्हणाले, एवढा सीझन होऊ दे. काकू तेवढ्या सीझनपुरत्या आईकडे गेल्या. पण सीझनचं काय, तो दर वर्षी येतो. मुलगी आजोळीच मोठी झाली, लग्न होऊन बंगलोरला गेली. आजी वारली. काकू तिथेच राहिल्या.

आणि भियाजी दर रविवारी भेटायला जात राहिले. पण आत नाही. व्हरांड्याच्या बाहेर एक खुर्ची ठेवलेली असायची, शेवग्याच्या झाडाखाली. हे बाहेर, काकू जाळीच्या दाराआड. आतून पोह्यांची ताटली बाहेर यायची, वर शेव आणि जिरावणाचा मसाला, मग चहा. मुलीचा फोन आला होता, पाण्याचा टँकर आला नव्हता, असल्या गप्पा. ऊन शेवग्यावरून सरकलं की हे उठायचे.

त्या रविवारसाठी हा माणूस काय काय करायचा! शनिवारी संध्याकाळी बेसन, मुलतानी माती, लिंबू, अंगाची सालं निघेस्तोवर. रविवारचे कपडे स्वतःच्या खोलीत ठेवायचेच नाहीत. ते राहायचे राजेंद्र नगरच्या नाक्यावर इस्त्री करणाऱ्या प्रेसवाल्याकडे. रविवारी सकाळी भियाजी त्याच्या दुकानात जाणार, पडद्याआड कपडे बदलणार, रोजचे तिथेच सोडणार आणि तसेच पुढे चालत जाणार. नवरा बायकोला भेटायला निघालाय की देवळात, कळू नये!

मी शर्ट बरणीत घातला, भट्टीत ठेवला, झाकण उघडलं. खोटं कशाला सांगू, दोन होता. कपड्याला नव्हता तो, कॉलरला होता, मानेचा. मी तसं सांगितलं. "दोन," एवढंच. ते मान डोलावत म्हणाले, "मागच्यापेक्षा कमीच असेल." मागचा कुणी मोजला होता? मी शर्ट पुन्हा कागदात गुंडाळून दिला. त्यानंतर ते अधूनमधून शर्ट आणायचे, कधी रुमाल, एकदा तर बनियन. बनियन मी चिमट्यानं धरला. म्हणाले, "धुतलेला आहे हो, सांगलीवाले!"

ते रिटायर झाले तेव्हा कारखान्यानं शाल दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं, पेढे वाटले. घड्याळ जड, म्हणून मी आणि ड्रायव्हर त्यांना घरी सोडायला गेलो. त्यांच्या खोलीत पाऊल टाकलं आणि मी चौकटच धरली.

सगळीकडे फिल्म. टेबलावर, फळ्यांवर, पलंगावर गादीखाली, खिडकीला पडदा म्हणून, ट्रंकेवर, पाण्याच्या माठाखाली, भिंतींवरसुद्धा खिळ्यांनी ठोकलेली. आणि सगळी सुटलेली. मशीन सुरू करताना रजिस्टर बसेपर्यंत जी फिल्म वाया जाते ना, ती. पाकळ्या एकीकडे, काळ्या रेषा दुसरीकडे, द्राक्षं घोसाच्या बाहेर, पोपटाची चोच पोपटापासून वेगळी. दारू न पिता झिंग यावी असं ते घर. जो माणूस लोकांच्या घरी जाऊन केसभर चूक दाखवतो, त्याच्या घरात धड एक फूल नाही.

"ही कशाला आणलीत एवढी?"

"बाकी सगळी तर लोकांच्या घरी गेली," ते म्हणाले. "ही कोण नेणार? भट्टीत घालायला जीव होईना."

तिथे जेवायच्या टेबलाला एकच खुर्ची होती आणि दुसऱ्या खुर्चीच्या जागी शाईचा रिकामा डबा उपडा ठेवलेला. ड्रायव्हर उभाच राहिला. मी डब्यावर बसले. ते खूश होते, अगदी लग्न ठरलेल्या पोरासारखे. आता मशीन नाही, थिनर नाही. थोडे दिवसांत अंगातून सगळं निघून जाईल, मग राजेंद्र नगर, बाहेर नाही, आत. "मॅडम, मी आत जेवीन. पाटावर. गरम गरम," म्हणाले. एवढंच मागणं होतं त्या माणसाचं.

मला बोलणं भाग होतं. म्हटलं, "भियाजी, मशीन सुटलं खरं. पण तुम्ही झोपता कशात? ही सगळी ओली गुंडाळलेली फिल्म आहे, वाया गेलेली. खोलीलाच तीनचा वास आहे. अंगाचा जाणार कसा?"

त्यांनी खोलीकडे असं पाहिलं की मला वाटलं, कशाला तोंड उघडलं मी.

आठ-पंधरा दिवसांनी फोन आला. सगळी काढून टाकली म्हणाले, कबाडीवाल्याला दिली. भिंतीला चुना दिला. गादी नवी. मी म्हटलं, छान झालं की. त्यावर म्हणाले, "आधी पंखा लावला की फिल्म फडफडायची. घरात कुणी आहे असं वाटायचं. आता काहीच फडफडत नाही. झोप लागत नाही मॅडम." मग लगेच, "ते जाऊ दे. रुमाल पाठवतो, बघा."

रुमाल दीड. पुढचा शर्ट एक. पावसाळा गेला. मग नवरात्राच्या सुमाराला स्वतःच शर्ट घेऊन आले, अंगावरचा काढूनच दिला आणि शाल पांघरून बाकावर बसून राहिले. मी झाकण उघडलं. नाक घातलं. पुन्हा घातलं. दुसऱ्या मुलीला बोलावलं, तिलाही दिलं. काही नाही. साबणही नाही. माणसाचा असतो तो वास, बस्स.

"शून्य, भियाजी."

ते उठले, शाल सावरली, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. "रविवारी तुम्ही यायचं," म्हणाले. "तुमचं ती ऐकेल. मी सांगितलं तर म्हणेल, यांना काय कळतं वासातलं."

"मी? नवरा-बायकोत मी कशाला कडमडू?"

"रिपोर्ट तोंडी द्यायचा. पोहे मिळतील."

मी गेले. काय करणार! रविवारी सकाळी प्रेसवाल्याच्या दुकानापाशी भेटलो. आज त्यांना तिथे कपडे बदलायची गरज नव्हती, तरी त्याला सांगायला थांबलेच. तिथे एक बॅग ठेवलेली दिसली, जुनी, चेन तुटलेली, सुतळीनं बांधलेली. मी विचारलं तर म्हणाले, "नंतर येऊन नेईन. आधी बॅग घेऊन गेलो तर घाबरेल."

काकू दारात आल्या. ठेंगण्या, स्वच्छ, कानावर पांढरे केस. हसतमुख. खुर्ची बाहेर ठेवलेलीच होती. माझ्यासाठी आणखी एक आणायला वळल्या तेवढ्यात भियाजी म्हणाले, "खुर्ची नको. वास गेला. ही आमच्या लॅबची मॅडम. तीच सांगेल."

मी म्हटलं, "काकू, खरंच काही नाही उरलं. बरणीत ठेवून बघितलं. दोघींनी बघितलं."

मला वाटलं होतं, बाई आनंदून जाईल. डोळे पुसेल, ओवाळेल सुद्धा. काकू जाळीचं दार अर्धं उघडं धरून उभ्या राहिल्या. आत वळून त्यांनी आपल्या घराकडे पाहिलं, आणि त्यांच्या खांद्यावरून मीही पाहिलं. खिडकीशी एक पलंग, त्याच्या अर्ध्या भागावर पुस्तकं, विणकाम, औषधं रांगेनं मांडलेली. टेबलावर एक ताट, एक वाटी, एक पेला. भिंतीशी तंबोरा, त्याला गवसणी. सगळं जिथल्या तिथे. एका माणसाचं, पण भरलेलं घर. बरीच वर्षं लागतात असं घर बसायला.

"आजच?" त्या म्हणाल्या.

"आजच असं नाही," भियाजी म्हणाले. "पण आता काय अडचण?"

काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, तिटकारा तर मुळीच नव्हता. मला स्वच्छ दिसलं, या बाईला नाही म्हणायचंय आणि ते जिभेवर येत नाहीये. इतकी वर्षं त्यांना ते म्हणावंच लागलं नव्हतं. त्यांच्या वतीनं थिनर म्हणत होतं. आता थिनर गेलं आणि बिचारीला तोंड उघडणं भाग पडलं. आणि एकदा नाही म्हटलं की मग बाहेरची खुर्ची तरी कशी राहणार? दर रविवारी कोणत्या तोंडानं पोहे द्यायचे, आणि यांनी कोणत्या तोंडानं खायचे?

भियाजी बायकोकडे बघत होते. चष्मा कपाळावर होता. मी त्यांना उभ्या जन्मात फिल्मखेरीज कशाकडे असं बघताना पाहिलं नव्हतं. मग त्यांनी आपली बाही नाकाशी नेली. वास येत नाही त्या नाकाशी. लांब श्वास घेतला.

"मॅडम," माझ्याकडे वळून म्हणाले, "थोडा आहे ना अजून?"

मालकांसाठी मी तीनचे दोन केले नव्हते. पण ते माझ्याकडे असे बघत होते, की अहो, काय सांगू.

"आहे," मी म्हटलं. "थोडा आहे. उन्हात आल्यावर कळतो."

काकूंचे खांदे खाली आले. "मी म्हणतच होते," त्या म्हणाल्या, आणि आवाज एकदम मोकळा झाला. "इतक्या वर्षांचं आहे, असं कसं लगेच जाईल? बसा बाहेर. सावली आहे. मी पोहे टाकते, तुमच्या मॅडमनाही द्या खुर्ची. जाईल हो हळूहळू. काही घाई नाही."

"घाई कसली?" भियाजी म्हणाले आणि आपल्या खुर्चीत बसले.

पोहे फार छान होते. काकू जाळीआडून मुलीच्या गमती सांगत होत्या, हे हसत होते, मध्येच "शेव आणखी आहे का?" म्हणून ताटली पुढे करत होते. दोघांना एकमेकांची माया होती, यात तिळमात्र शंका नाही. मी मान खाली घालून खात होते. मला रडू येत होतं आणि रडायला काही कारण सांगता आलं नसतं. परत येताना प्रेसवाल्याच्या दुकानापाशी ते आत गेले आणि बॅग घेऊन बाहेर आले. मी धरते म्हटलं तर दिली नाही.

पुढच्या शनिवारी दुपारी गेटवरून वॉचमनचा फोन. "नाकवाली मॅडम, भियाजी आए हैं. अंदर भेज दूँ?" पाठव म्हटलं. लॅबकडे आलेच नाहीत, म्हणून मी छपाईच्या शेडमध्ये गेले. मशीन भरधाव चाललं होतं, मोठी ऑर्डर होती, ड्रायरच्या तोंडातून थिनरचा भपका येत होता. पोरं नाकाला फडकी बांधून काम करत होती. भियाजी अगदी ड्रायरच्या पुढ्यात उभे, हात मागे बांधून, डोळे मिटून. शाईवाल्या पोरानं मला खुणेनं विचारलं, यांना काय झालं? मी त्याला कामाला लावलं.

जवळ जाऊन म्हटलं, "भियाजी, बाहेर या. बाधेल हे. तिकडे कँटीनमध्ये बसू, चहा घेऊ."

त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"थोडा वेळ थांबू द्या, मॅडम," ते म्हणाले. "उद्या इतवार आहे ना."